प्रशासकच बरा

गेल्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये, चार गाड्या रस्त्यावर काढून मोकळ्या केलेल्या जागेत, भाड्याच्या निळ्या खुर्च्यांवर. बाहेर पावसाची भुरभुर होती. ओल्या छत्र्या खांबाला टेकवलेल्या होत्या आणि त्यांच्याखालून पाण्याचे ओघळ खुर्च्यांच्या पायांपर्यंत येत होते. ताळेबंद मंजूर झाला, लिफ्टच्या दुरुस्तीवर बोलणं झालं, मग सेक्रेटरींनी सांगितलं की कमिटीची पाच वर्षांची मुदत संपत आलीय आणि निवडणुकीसाठी एकही अर्ज आलेला नाही. कुणीच उभं राहिलं नाही तर उपनिबंधक प्रशासक नेमतील. त्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "नेमू द्यात की. प्रशासकच बरा. महापालिकेचं काय अडलंय का इतकी वर्षं?" बऱ्याच माना डोलल्या. कुणीतरी "खरंय" म्हणालं. तेवढ्यात वेफर्सच्या बशा फिरायला लागल्या आणि विषय तिथेच संपला.

बोलणारे काका मला चांगले माहीत आहेत. २०२० च्या उन्हाळ्यात जिन्यातल्या प्रत्येक बंद दाराबाहेर औषधांची पिशवी ठेवून, बेल वाजवून खाली उतरणारा हा माणूस. यांना लोकांचं काही पडलेलं नाही, असं कुणीही म्हणू शकणार नाही. म्हणूनच त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भांडी लावताना, बसची वाट बघताना ते पुन्हा ऐकू यायचं. आणि सगळ्यात जास्त त्रास याचा व्हायचा की त्यात तथ्य होतं.

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढचे नगरसेवक निवडून यायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, असं ७४व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहून ठेवलंय. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि जवळजवळ चार वर्षं आयुक्तच प्रशासक होते. या काळात शहर थांबलं नाही. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई रोज सकाळी कचरा न्यायला येत राहिल्या. मिळकतकराची बिलं आली, ती आम्ही भरली. जी-२० च्या बैठका आल्या तेव्हा भिंती रंगल्या, दुभाजकांत रोपं लागली. पूर्वी आयुक्तांनी मांडलेलं अंदाजपत्रक आधी स्थायी समितीत जायचं, मग मुख्य सभेत. तिथे त्यावर दिवसच्या दिवस भाषणं चालायची. या काळात ते आयुक्तांनी मांडायचं आणि त्यांनीच प्रशासक म्हणून मंजूर करायचं. वेळ वाचला, हे खरंच आहे.

आणि नगरसेवक होते तेव्हाचं जे आठवतं, त्यातलंही बरंचसं आठवावंसं वाटत नाही. चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स, त्यावर सिग्नल झाकून टाकणारे पन्नास चेहरे. ‘यांच्या विकासनिधीतून’ असं ठळक रंगवलेली बाकडी, एकाच फुटपाथवर चार चार. चांगल्या फरश्या उखडून पुन्हा तशाच फरश्या. माझे वडील सरकारी नोकरीत होते. निवृत्तीनंतर संध्याकाळी फिरून आले की ते त्या बाकड्यांवर कधी बसायचे नाहीत, थेट घरी येऊन खुर्चीत बसायचे. त्यांना राग यायचा तो पैशांचा. लोकांच्या करातून आलेल्या पैशांवर कुणीतरी आपलं नाव लिहितो, हे त्यांना शेवटपर्यंत सहन झालं नाही. मलाही होत नाही. तेव्हा काकांचं वाक्य उडवून लावावं, एवढं बळ माझ्याजवळ नव्हतं.

मग अडलं कुणाचं?

याचं उत्तर मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडून मिळालं, आणि तेही मी विचारलं नव्हतं. त्या टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत राहतात. एके सकाळी उशिरा आल्या, साडीचा काठ चिखलाने भरलेला, आणि पोळ्या लाटता लाटता सांगायला लागल्या. वस्तीतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचा दिवा बरेच दिवस गेलाय. बाहेरच्या खांबावरचाही. पोरी अंधार पडल्यावर जोडीने जातात, एकीने मोबाईलचा उजेड धरायचा, दुसरीने आत जायचं. एक म्हातारी तिथल्याच ओल्या पायरीवरून घसरली. मावशी खाडा करून कार्यालयात गेल्या. या टेबलावरून त्या टेबलावर झालं. मुलाने फोनवरून तक्रार नोंदवली, तर काही दिवसांनी ‘तक्रार निकाली काढली आहे’ असा मेसेज आला. दिवा काही लागला नव्हता. तो मेसेज त्यांनी मला दाखवला, काच तडकलेल्या फोनवर, कणकेच्या बोटांनी.

"आधी भाऊ होता," त्या म्हणाल्या. भाऊ म्हणजे त्यांचा जुना नगरसेवक. "तो काय लगेच करायचा, असं नाही. पण आम्ही पंधरा बाया जाऊन त्याच्या ऑफिससमोर बसलो की त्याला बाहेर यावं लागायचं. शिव्या खायला लागायच्या. आता शिव्या घालायला पण कोण नाही ताई."

मी गॅस बारीक केला आणि तशीच उभी राहिले. मला या चार वर्षांत असं कधी वाटलंच नव्हतं, आणि का वाटलं नाही तेही लगेच दिसलं. आमचं पाणी कमी आलं की सोसायटी टँकर मागवते. जिन्यातला दिवा गेला की वॉचमन बदलतो. रस्त्यावर खड्डा पडला तर माझ्याबरोबर शाळेत असलेली एक मैत्रीण वर्तमानपत्रात आहे, तिला फोटो पाठवता येतो. शेजारच्या इमारतीतल्या एकांचे मेहुणे अभियंते आहेत. निळ्या खुर्च्यांवर बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे सरकारपर्यंत पोचायच्या अशा पायवाटा आहेत, मतदानाशी त्यांचा काही संबंध नाही. मावशींकडे एकच वाट होती. पाच वर्षांतून एकदा भाऊला त्यांच्या दारात यावं लागायचं, आणि त्या दिवसाच्या धाकाने मधली पाच वर्षं तो बाहेर येऊन शिव्या खायचा. सरकार कशासाठी असतं, असं शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात आलं की आम्ही लिहायचो: सुव्यवस्था, संरक्षण, लोककल्याण. ते चूक नव्हतं. पण ज्याच्या हातात काम आहे त्याला बाहेर बोलावता आलं पाहिजे, ही मावशींची अट त्या उत्तरात कुठेच नव्हती, आणि मला आता तीच सगळ्यात आधी लिहावीशी वाटते.

त्यानंतर मला आजूबाजूला तेच दिसायला लागलं. जून २०२१ च्या अखेरीस तेवीस गावं पालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी. गाव पालिकेत गेलं म्हणजे ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला, ग्रामसभा गेली. त्या बदल्यात नगरसेवक मिळायचा, तोवर पालिकेचीच मुदत संपली. म्हणजे या गावांतल्या लोकांनी साडेचार वर्षं ना सरपंच पाहिला ना नगरसेवक. जानेवारी २०२५ मध्ये गुलियन बारे सिंड्रोमची साथ आली ती सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला. तोवर आपल्यापैकी कुणी ‘जीबीएस’ हे नावही ऐकलं नव्हतं. धडधाकट माणसांचे पाय अचानक चालेनासे झाले, कुणी व्हेंटिलेटरवर गेलं. राज्यात रुग्ण दोनशेच्या वर गेले आणि त्यातले बहुतेक पुण्याच्या आसपासचे होते. संशय पाण्यावर गेला. नांदेडगावातल्या विहिरीतून उचललेलं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, ब्लीचिंग पावडर टाकून घरोघरी जात होतं, ही गोष्ट तेव्हा साऱ्या शहराला कळली. त्या गावांतल्या लोकांना ती आधीपासून माहीत होती. सरपंच असता तर साथ आली नसती, असं मी म्हणणार नाही. ग्रामपंचायतीच्या काळातही तिथे शुद्धीकरण केंद्र नव्हतं. पण ‘आमचं पाणी गढूळ येतंय’ हे वाक्य ज्या सभेत उभं राहून म्हणता आलं असतं, अशी एकही सभा त्या चार वर्षांत त्यांच्यासाठी भरली नव्हती. दहा लिटरची बाटली हातगाडीवरून नेणाऱ्या बायका त्या महिन्यात मी पाहिल्या. खडकवासल्याचं धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

अधिकाऱ्यांच्या राज्याबद्दल कठोर बोलताना मात्र माझी जीभ अडखळते, आणि त्याला कारण आजी. १२ जुलै १९६१ ला ती नारायण पेठेत, नदीच्या अंगाला राहत होती. पानशेत धरण फुटून आलेल्या पुराची गोष्ट पुण्यात कुणाला नव्याने सांगायला नको. आजीच्या तोंडून मी ऐकली ती वासाची गोष्ट. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ, त्यात भिजून फुगलेले तांदूळ, रॉकेल, मेलेली गुरं, आणि या सगळ्याचा मिळून एक वास. नंतर कितीतरी वर्षं नवा तांदूळ आणला की ती आधी हुंगून बघायची. घर पडलं, मग पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये काही काळ, मग पूरग्रस्तांच्या वसाहतीत दोन खोल्या. या साऱ्यात एक नाव ती फार आदराने घ्यायची, स. गो. बर्वे. आयसीएस अधिकारी, पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त, आणि पुरानंतरच्या पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडे आलं. मॉडर्न कॅफेच्या चौकाला त्यांचं नाव आहे. "त्या माणसाने आम्हाला छप्पर दिलं," एवढंच ती म्हणायची. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं. एका कर्तबगार अधिकाऱ्याने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, ते या शहराने पाहिलंय, आणि ते नाकारणं म्हणजे आजीशी खोटं बोलणं.

पण आजीचाच एक दुसरा प्रश्न होता. आदल्या रात्री धरणावर जवान वाळूची पोती टाकत होते, मग आम्हाला सकाळी कुणी सांगितलं का नाही? चुलीवर भात ठेवून ती पाणी बघायला गच्चीवर गेली होती. नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडायलाही कुणी सांगितलं नव्हतं. चौकशी झाली, आधी बावडेकर आयोग, मग नाईक आयोग. तिला त्यातलं काही वाचता आलं नाही, पण आयोग बसला याचं तिला मोल होतं. कुणालातरी उत्तर द्यायला बोलावलं, असं ती म्हणायची. छप्पर मिळालं तेव्हाही तिने हा प्रश्न सोडला नाही. छप्पर देणाऱ्याबद्दलची कृतज्ञता आणि न सांगणाऱ्यावरचा राग, दोन्ही तिच्यात अखेरपर्यंत शेजारी शेजारी राहिले. मला ते तेव्हा विसंगत वाटायचं. आता वाटत नाही.

विद्यापीठाच्या रस्त्याने जाताना, म्हणजे जुन्या गणेशखिंड रस्त्याने, मला हल्ली रँड आठवतो. १८९७ ची प्लेगची साथ खरी होती, माणसं खरोखर मरत होती. रोग्याला वेगळं ठेवायचं, घर धुऊन काढायचं, कपडे जाळायचे, यातलं बरंचसं वैद्यकाला धरूनच होतं. पण ते करायला गोरे शिपाई चुलीपर्यंत, देवघरापर्यंत घुसले, बायकांना बाहेर ओढून तपासलं गेलं, आणि याबद्दल दाद मागायला जागाच नव्हती. ज्यांच्या घरात शिरत होते त्यांना विचारायचं असतं, हे त्या प्लेग कमिटीच्या गावीही नव्हतं. २२ जूनच्या रात्री काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. आपण ते शौर्याची गोष्ट म्हणून शिकलो, आणि ती तशी आहेच. पण मला त्यामागे एक बंद दरवाजाही दिसतो. साथरोगांचा कायदा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला. आणि मार्च २०२० मध्ये आपल्याकडे जे लागू झालं, त्यातलं बरंचसं त्याच कायद्याच्या आधाराने. जवळजवळ तीच कलमं, तसेच अमर्याद अधिकार. तेव्हाही रस्त्यावर काठ्या बसल्या, पेठांच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले, लोकांनी फार सोसलं. पण त्या वर्षी नगरसेवक होते. आमच्या भागातल्या एका नगरसेविकेचा फोन रात्री दोनला लागायचा. बेड मिळेलच असं नाही, पण फोन उचलला जायचा. एका घराबाहेरचा पत्रा लोक ओरडल्यावर तिने उभं राहून काढवला होता, मी पाहिलाय. कायदा फारसा न बदलता सव्वाशे वर्षं टिकला, त्याच्या अवतीभवतीचं माणसांचं जाळं तेवढं बदललं होतं. दोन्ही साथींमधला सगळ्यात मोठा फरक मला तोच वाटतो.

हे जाळं आपोआप विणलं गेलेलं नाही. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, सरकारने नेमलेले. नेमलेल्या माणसाने नेमणाऱ्याला सांभाळून घ्यायचं असतं, तेव्हा आणि आताही. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा ठराव आला. फुल्यांचं म्हणणं असं की हा पैसा शिक्षणावर लावा. मत घेतलं तेव्हा विरोधात ते एकटे. ठराव अर्थातच मंजूर झाला. मी हा प्रसंग अनेकदा वाचलाय आणि दर वेळी माझं लक्ष त्या एका मताकडे जातं. ते मोजलं गेलं, लिहिलं गेलं, म्हणून आज मला माहीत आहे. सभाच नसती, आयुक्ताने फाईलवर सही करून कमानी उभारल्या असत्या, तर तेवढाच पैसा गेला असता आणि नको म्हणणारा कुणी होता याची खूणही राहिली नसती. जी-२० च्या वेळी भिंती रंगवायला किती खर्च करावा, यावर ‘नको’ म्हणणारं एखादं मत असेल का? असेलही, कुणा कारकुनाच्या मनात. लिहून ठेवायला वही नव्हती.

आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, पुरंदरकडचे. ते या सगळ्यावर म्हणायचे की खरं राज्य गावच्या चावडीत होतं. पाटील ओळखीचा, कुलकर्णी ओळखीचा, भांडण सकाळी आलं की संध्याकाळपर्यंत मिटलं. लहानपणी मला ते चित्र फार आवडायचं. सुट्टीत गेले की मी त्या चावडीच्या थंडगार दगडी ओट्यावर पालथी पडून राहायची. पुढे मोठी झाल्यावर, गावातल्याच एका वयस्क बाईंनी मला सांगितलं की त्यांचे वडील त्या ओट्याला कधी शिवले नव्हते. त्यांचं भांडणही तिथेच मिटायचं, पण ते खाली, उन्हात उभे असायचे. तेव्हापासून जवळचं राज्य ते चांगलं राज्य, असं मला सरसकट म्हणवत नाही. ओळखीचा माणूस सगळ्यांच्याच ओळखीचा नसतो. पुढे राखीव जागा आल्या, बायकांना निम्म्या जागा मिळाल्या, आणि त्याच गावात एका दलित बाईने सरपंच म्हणून ग्रामसभा घेतली. कारभार नवऱ्याने पाहिला असं लोक म्हणतात. असेल. पण ओट्यावर बसली ती, आणि तिच्या मुलीला आता तिथे बसण्यात काही विशेष वाटत नाही.

जानेवारीत पुण्यात मतदान झालं. मावशी कामावर यायच्या आधी मत देऊन आल्या होत्या, बोटावरची शाई मला मुद्दाम दाखवली. आता त्यांच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत, आणि प्रभाग एवढा मोठा की त्याचं दुसरं टोक मावशींनी कधी पाहिलेलं नाही. पंधरा बायांनी नेमकं कुणाच्या ऑफिससमोर बसायचं? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. निवडणूक झाली याचा मला आनंद आहे, आणि या रचनेची काळजीही वाटते. उत्तर देणारा एक हवा, तो कोण ते लोकांना ठाऊक हवं. चार जणांत वाटलेली जबाबदारी कुणाच्याच अंगाला लागत नाही.

म्हणून आम्ही एक जुनी तरतूद शोधून काढली. २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभा आली. ग्रामसभेसारखीच, शहरातल्या मतदारांची सभा, आपल्या भागापुरती, आणि ती बोलवायची जबाबदारी नगरसेवकाची. कागदावर आहे, प्रत्यक्षात कुणी घेताना मी पाहिलेली नाही. मावशी, त्यांच्या वस्तीतल्या काही बायका आणि मी, आम्ही मिळून चारही नगरसेवकांच्या नावाने अर्ज लिहिला. अक्षर माझं, पण मजकूर त्यांनी सांगितला. पहिला मुद्दा स्वच्छतागृहाचा दिवा, दुसरा पायरी, तिसरा सकाळी सातला येणारं पाणी पाचला सोडण्याचा, कारण सातला सगळ्याजणी कामाला निघालेल्या असतात. आमच्या इमारतीतल्या काकांनीही त्यावर सही केली. वाचून म्हणाले, "सभेला मी येईन. पण आधी विचारून घ्या, सगळ्यांसमोर बोलायला देणार ना?"

दोन कार्यालयांनी पोच दिली आहे, तारीख अजून कुणी कळवलेली नाही. पुढच्या आठवड्यात मावशी आणि त्यांच्या बाया उरलेल्या दोघांकडे जाणार आहेत. त्या दिवशी माझ्या पोळ्या मी करणार, असं ठरलं होतं; मग मावशींनीच सांगितलं, पोळ्या राहू देत, तुम्ही पण चला.